पिन कोणाला माहीत होता?

मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी सुरतेतल्या आमच्या माणसांच्या लग्नात, बारशाला कोणी ना कोणी पाकिटातून कार्ड काढून माझ्यापुढे धरतंच. "ताई, हे चांगलं आहे का बघा हो." डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढून दाखवतात, त्यातला प्रकार. मी विचारते, महिन्याला पेट्रोल किती लागतं, किराणा कुठून भरता, वर्षातून विमानानं किती वेळा जाता. शेवटच्या प्रश्नाला सगळे हसतात. कार्ड मात्र नेमकं विमानतळावर फुकट जेवण देणारं घेतलेलं असतं.

रिंगरोडजवळच्या एका खासगी बँकेच्या शाखेत क्रेडिट कार्डाच्या टेबलावर मी सतरा वर्षं बसले. आधी कार्डं विकली, नंतर त्यांच्या तक्रारी ऐकल्या. पहिलं काम करताना जे बोलत होते, त्याचं उत्तर दुसरं काम करताना मलाच द्यावं लागलं. कापड बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं पाच कार्डांवर पाच बॅगा भेट मिळतात म्हणून पाचही घेतली होती. दुसऱ्या वर्षी पाचांची वार्षिक फी लागली तेव्हा तो त्यातलीच एक बॅग घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आ पाछी लई लो." एक शिक्षिका दर महिन्याला बिलातली 'किमान रक्कम' भरून निर्धास्त असायच्या. बाकीच्या रकमेवर व्याज चढतंय आणि नव्या खरेदीलाही ते पहिल्या दिवसापासून लागतंय, हे त्यांना मी समजावलं तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू किमान हा शब्द मीच शोधून काढलाय.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगायला मला आवडतात. दत्ताभाऊंचा मात्र मी आजवर कोणाला सांगितला नव्हता, कारण त्यात एक चूक माझी आहे.

दत्ताभाऊ मूळचे परभणीकडचे. सुरतेत फरशी बसवायची कामं घेतात. हाताखाली सात-आठ कारागीर. राहायला कोसाडला. कार्ड घ्यायला आले तेव्हा बायकोला, मंगलला, बरोबर घेऊन आले होते. त्यांना सोनेरी रंगाचं कार्ड हवं होतं. मी खर्च विचारला. बाईकचं पेट्रोल, कटरची पाती, फरशी चिकटवायच्या गोण्या. मी म्हटलं, "मग तुम्हाला बिनफीचं, पेट्रोलवर सूट देणारं साधं कार्ड पुरे." ते जरा हिरमुसले. मंगल तोवर गप्प होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "आज घेतलं तर पैसे कधी भरायचे?"

मी कागदावर रेघ ओढून दाखवलं. महिन्याच्या एका तारखेला बिल निघतं. त्यानंतर भरायला वीसेक दिवस मिळतात. बिल निघायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या वस्तूचे पैसे त्या वीस दिवसांत भरायचे. बिल निघाल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलं, तर तो खर्च पुढच्या बिलात जातो आणि जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात. अट एकच, बिल पूर्ण भरायचं. दत्ताभाऊंचं लक्ष भिंतीवरच्या पाटीकडे होतं. मंगलनं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तीन वर्षं त्यांनी कार्ड चोख वापरलं. एकदाही उशीर नाही.

मग एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास दत्ताभाऊ शाखेत शिरले ते थेट माझ्या टेबलाशी. दोन्ही हातांनी मोबाइल धरलेला.

"ताई, मला लुटलं."

बुधवारी दुपारी त्यांच्या कार्डावरून दोन रकमा गेल्या होत्या. दीड तासाच्या अंतरानं, दोन्ही मिळून चौतीस हजारांवर. कसल्यातरी 'व्हेंचर्स' नावाच्या कंपनीला. बँकेचे मेसेज आले होते, पण जाहिरातींच्या ढिगाऱ्यात त्यांना ते शनिवारी सकाळी दिसले. बुधवारी दिवसभर ते चलथाणला साइटवर होते.

"कार्ड कुठं होतं?"

"घरी. कपाटात. आत्ता बघून आलो, जागेवरच आहे!"

मी आधी कार्ड बंद केलं. हे कोणालाही सांगते: पहिल्यांदा कार्ड बंद करायचं, मग रडायचं. कळवायला जितका उशीर, तितकी जबाबदारी बँकेकडून ग्राहकाकडे सरकते. तीन दिवस तर आधीच गेले होते. मग व्यवहाराचा तपशील उघडला आणि मीच हबकले. दोन्ही वेळा कार्ड मशीनमध्ये घातलं होतं आणि पिन बरोबर टाकला होता. ऑनलाइन चोरी असती तर लढता आलं असतं. पिन टाकून झालेला व्यवहार बँकेच्या लेखी तुम्हीच केलेला असतो. चोरी झाली म्हणायचं तर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत जोडावी लागते.

"पिन कोणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"कोणासमोर टाकता?"

हा प्रश्न फॉर्मवर असतो. त्याच्यापुढे मी जे बोलले ते फॉर्मवर नव्हतं. मी म्हटलं, "आठवून बघा. बहुतेक वेळा ओळखीतलंच कोणीतरी असतं."

इतक्या वर्षांच्या अनुभवाचा ताठा होता तो. वाक्य खोटंही नव्हतं. पण दत्ताभाऊंचा चेहरा बदलला. ते हळूच म्हणाले, "मुकुंद."

मुकुंद त्यांच्याच गावचा, तिशीतला, त्यांचा सगळ्यात जुना कारागीर. सामान घ्यायला दोघं बरोबर जायचे, दुकानात पिन टाकताना मुकुंद शेजारी उभा असायचा. बुधवारी सकाळी तो दत्ताभाऊंच्या घरी फरशी कापायचं मशीन न्यायला आला होता आणि संध्याकाळी परत ठेवायला. मधला दिवसभर तो भेस्तानच्या साइटवर एकटा होता.

"सकाळी उचललं, संध्याकाळी ठेवलं," दत्ताभाऊ म्हणाले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन लावला होता, स्पीकरवर.

"बुधवारी दुपारी कुठं होतास रे?"

पलीकडे कटरचा आवाज थांबला. "दादा, साइटवरच... नाही, दुपारी नव्हतो. बायकोला नववा लागलाय, तिला तपासायला दवाखान्यात नेलतं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"राहिलं का लपवलंस? कार्ड कधी उचललंस?"

"कसलं कार्ड?"

"चौतीस हजाराला बुडवलंस आणि कसलं कार्ड विचारायलास?"

"दादा, तुम्ही काय बोलायलात?" मुकुंदचा आवाज खाली गेला. "मी तुमच्या घरात लहानाचा मोठा झालो."

"म्हणून तर हात घातलास!"

त्यांनी फोन कापला. रांगेतली माणसं वळून बघत होती. मी म्हटलं, "भाऊ, थांबा, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही." पण त्यांनी तोवर गावाकडे मुकुंदच्या थोरल्या भावाला फोन लावला आणि सगळ्या शाखेदेखत सांगितलं, "तुझा भाऊ चोर निघाला. आता पोलीस बघतील." परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावात ही बातमी पसरायला किती वेळ लागला असेल, याचा मी नंतर पुष्कळदा विचार केला.

त्यांनी कोरा कागद मागितला आणि पोलिसांसाठी अर्ज लिहायला घेतला. संशयित म्हणून मुकुंदचं नाव, बापाचं नाव, गाव. पोलीस चौकी आमच्या शाखेपासून चार दुकानं सोडून होती. आमचे मॅनेजर केबिनमधून बाहेर आले, गर्दी बघून मला म्हणाले, "बेन, फॉर्म भरावी दो ने, पछी जोई लेशुं."

आधी फॉर्म भरून घ्या, बाकीचं नंतर बघू, असं त्यांचं म्हणणं. मी फॉर्म भरायला व्यवहाराचं पान परत उघडलं. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि बिलावर भलतंच. मशीन ज्या कंपनीच्या नावावर घेतलेलं असतं तिचं नाव बिलावर येतं. त्यामुळे ओळख पटवायची तर मशीनबरोबर नोंदवलेला धंद्याचा कोड बघायचा. किराण्याचा वेगळा, सोन्याचांदीचा वेगळा. मी कोड पाहिला आणि सुटका झाल्यासारखी बोलून गेले, "भाऊ, हे दुकान नाही. दवाखाना आहे."

त्या दिवसातली माझी ही दुसरी घाई. मला वाटलं होतं ते थंड होतील. ते उभे राहिले.

"झालं! त्यानंच सांगितलं ना आत्ता, बायकोला दवाखान्यात नेलतं? तुम्ही ऐकलंत! तुम्ही साक्षीदार!"

मी ऐकलं होतंच. पोटुशी बायको, दवाखाना, गायब असलेली दुपार, माहीत असलेला पिन. एक-एक गोष्ट त्या माणसाच्या विरुद्ध जाऊन बसत होती आणि त्यातल्या दोन मीच तिथे ठेवल्या होत्या.

"पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. कंपनीच्या नावावरून हॉस्पिटल शोधलं. अडाजणच्या बाजूचं मोठं खासगी हॉस्पिटल निघालं. बिलाच्या काउंटरला फोन लावला, बँकेतून बोलतेय, कार्डधारक समोर बसलेत, असं सगळं सांगितलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पेशन्टनुं नाम फोन पर ना अपाय, बेन." पेशंटचं नाव फोनवर देत नाही, हे तिचं बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं.

दत्ताभाऊ अर्जाची घडी करत होते. "तुम्ही बसा शोधत. मी चौकीवर जातो."

माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर तारखा होत्या. मी त्या सकाळपासून चारदा पाहिल्या होत्या, पण त्या वाचल्या आत्ता. त्यांचं बिल मंगळवारी निघालं होतं. हॉस्पिटलचा खर्च बुधवारचा.

चोराला बिलाच्या तारखेशी काय करायचंय? ज्याला कार्ड हाती लागलं तो हाती लागलं त्या दिवशी वापरतो. बिल निघायची वाट पाहून दुसऱ्याच दिवशी कार्ड बाहेर काढायचं, म्हणजे ते पन्नास दिवस ज्याला समजलेत आणि ज्याला पैसे परत भरायचेत असंच माणूस. मला तो रेघेचा कागद आठवला आणि तो घडी करून ठेवणारा हात.

चुकीचं बोलले तर एका चांगल्या घरात मी आग लावणार होते. पण मुकुंदचं नाव लिहिलेला कागद दाराकडे चालला होता.

"दत्ताभाऊ, आधी घरी एक फोन करा."

"घरी कशाला?"

"कार्ड कपाटात होतं ना. वहिनींना विचारा, कोणी कपाट उघडलं होतं का."

ते परत फिरले, टेबलावर दोन्ही हात टेकून माझ्या तोंडाजवळ आले. "माझ्या बायकोवर आळ घेता? तुमच्या बँकेचे पैसे वाचवायला?"

"आळ नाही घेत. फक्त विचारा. मग मी स्वतः तुमच्याबरोबर चौकीवर येते."

मला वाटतं ते मला खोटं पाडायलाच थांबले. "ऐका तुम्हीच," म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू.

मंगल घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. मागे बायकांचे आवाज येत होते. "बोला. कुठून बोलायलात?"

"बँकेतून. बुधवारी आपलं कार्ड कपाटातून कुणी काढलं? कार्डावरून चौतीस हजार गेलेत."

मागचे आवाज दूर गेले. ती उठून बाहेर आली असावी.

"मंगल?"

"तुम्ही मुकुंदला काही बोललात का?"

तिनं पहिल्यांदा हे विचारलं. नवऱ्याला ती इतकी ओळखत होती. दत्ताभाऊंनी हातातला अर्ज टेबलावर ठेवला.

"मी नेलतं कार्ड," ती म्हणाली. "दवाखान्यात गेलते. पिन मला पाठ आहे."

"कशाला?"

"घरी या. सांगते."

"आत्ता सांग."

"छातीत गाठ लागली हाताला. तिचा तुकडा काढून तपासायला दिलाय. सोमवारी रिपोर्ट आहे."

मी हात लांबवून स्पीकर बंद केला. दत्ताभाऊंनी फोन कानाला लावला आणि ते नुसती मान हलवत राहिले, जणू ती समोर आहे. मग खुर्चीवर बसले. आमच्या वॉचमननं पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मी त्यांच्यासमोरचा अर्ज ओढून घेतला आणि फाडला. बँकेचा कागद नव्हता तो, मला तसा हक्कही नव्हता.

थोड्या वेळानं म्हणाले, "माझी आई यातच गेली." नंतर म्हणाले, "बंद केलेलं कार्ड परत चालू होतं का? सोमवारी लागंल."

"ते नाही होत. नवीन येईल. मी लवकर मागवते. तुम्ही घरी जा."

दारापर्यंत जाऊन त्यांनी मुकुंदला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. मग तसेच गेले.

रिपोर्ट वाईट आला. पण गाठ लहान होती, वेळेवर सापडली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. त्या धावपळीत दत्ताभाऊ दोनदा माझ्याकडे आले. एकदा कार्डावरून एटीएममधून रोख काढायची म्हणत होते, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. रोख काढली की फी वेगळी आणि व्याज त्याच मिनिटापासून. पन्नास दिवसांची सवलत तिथे नसते. सरकारी आरोग्य योजनेत त्यांचं नाव आधीपासूनच होतं, कोणी बघितलंच नव्हतं. मोठा खर्च त्यातून निघाला. मंगलच्या त्या बुधवारच्या तपासण्यांचे पैसे तिनं ठरवल्याप्रमाणेच भरले. तिची भिशी पुढच्या महिन्यात लागणार होती, ती लागली आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी बिल पूर्ण भरलं गेलं. सतरा वर्षांत इतकं हिशेबानं वापरलेलं कार्ड मी दुसरं पाहिलं नाही. आणि त्या हिशेबात तिनं एकच गोष्ट धरली नव्हती, की नवरा ते मेसेज वाचेल.

मी तेव्हाच मनाशी ठरवलं आणि पुढे निवृत्त होईपर्यंत पाळलं. पिन चुकीच्या हाती गेल्याची तक्रार आली की आधी ग्राहकाला घरी फोन लावायला सांगायचं आणि 'ओळखीतलं कोणी' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. नव्या मुलींनाही तेच शिकवलं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्याच खात्यावरचं, पण स्वतःच्या नावाचं जोडकार्ड द्या, असं सांगायलाही मी तेव्हापासून लागले. बायकोला नवऱ्याच्या कपाटातून कार्ड काढावं लागू नये. त्या शाखेत यावरून माझी थट्टा व्हायची.

आठेक महिन्यांनी मंगल एकटी शाखेत आली. डोक्याला रुमाल बांधलेला, बारीक झालेली, पण चाल तीच. तिला जोडकार्ड हवं होतं. मी फॉर्म काढला. लिहिता लिहिता मी विचारलं, "मुकुंद परत आला का कामावर?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. दत्ताभाऊ त्याच्या खोलीवर तीनदा जाऊन आले होते. गावी जाऊन त्याच्या भावासमोर, चार माणसांत, चूक कबूल केली होती. मुकुंदला मुलगी झाली तेव्हा मंगलनं तिला चांदीचे वाळे पाठवले, ते त्यानं ठेवून घेतले. "तो म्हणतो, दादा, माझ्या मनात काही नाही. पण काम दुसऱ्याकडंच करतो."

"तुम्हाला भेटला का कधी?"

"दवाखान्यात आलता ना. ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी. माझ्याजवळ तासभर बसला. लेकीचे फोटो दाखवले, हसला, मला सफरचंद कापून दिलं. तेवढ्यात हे आत आले. तर तो उठला, 'बसा दादा' म्हणून आपली खुर्ची यांना दिली आणि चप्पल घालून निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई. यांना झोप लागली असती."

मी फॉर्म तिच्याकडे सरकवला. तिनं पेन मागितलं आणि सही कुठं करायची ते विचारलं.